पैसे कोणाचे, माल कोणाला?

लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिलं. म्हणजे अर्थशास्त्र मराठीतून वाचायची सोय होऊन पावणेदोनशे वर्षं झाली. आमच्या घराण्यात ते पुस्तक कोणी वाचल्याची नोंद नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडल्याचीही नाही. मी स्वतः निवृत्त होईपर्यंत एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. तरी घरात या विषयातला अधिकार मानला जातो तो आत्याचा.

आत्या नाशिकची. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात ती शिरते आणि पहिल्या फेरीत काहीच घेत नाही. हात मागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी नुसती फिरते. खरेदी दुसऱ्या फेरीत, तीही दिवस कलल्यावर. तोवर उरलेला माल परत न्यायचं टेंपोचं भाडं भाजीवाल्याच्या डोक्यात घोळायला लागलेलं असतं. हीच गोष्ट मी वर्गात फळ्यावर दोन वक्ररेषा काढून सांगत असे. मुलांना कळत नसे. आत्याच्या पिशवीत मात्र मेथीची जुडी निम्म्या भावात येई.

तिचं सगळं अर्थशास्त्र एका प्रश्नात मावतं: पैसे कोणाचे, माल कोणाला? हा प्रश्न तिला लग्नांनी शिकवला. आपल्या पैशानं आपल्यासाठी साडी घेताना बाई पोतही बघते आणि किंमतही. मानपानाची साडी घेताना पैसे आपले, पण नेसणार दुसरी. मग फक्त किंमत बघायची. आमच्या नात्यात एक मोरपिशी साडी अशी आहे की ती नेसलेली कोणी पाहिलेली नाही. ती एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाते, घडीसुद्धा मोडत नाही. पैसे दुसऱ्याचे आणि माल आपल्याला असेल, तर कंपनीच्या खर्चानं हॉटेलात उतरलेला माणूस सकाळच्या नाश्त्याला काय काय खातो ते आठवावं. राहता राहिला चौथा प्रकार. पैसेही दुसऱ्याचे, मालही दुसऱ्यालाच. तिथे कोणी काहीच बघत नाही. त्याचा नमुना म्हणजे सत्काराची शाल. तिनं थंडी भागत नाही, ती पांघरून बाहेर जाता येत नाही आणि रद्दीवालाही ती घेत नाही.

मिल्टन आणि रोझ फ्रीडमन या नवराबायकोनं १९८० साली ‘फ्री टू चूज’ या पुस्तकात खर्चाचे नेमके हेच चार प्रकार मांडले. मिल्टनना त्याआधी, १९७६ साली, नोबेल मिळालं होतं. मी हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्यांच्याकडेही मानपान असेल.”

भाजीबाजारात हा प्रश्न विचारावाच लागत नाही. पैसे आपले, भाजी आपल्याच पानात. गवार जून निघाली तर संध्याकाळी कळतं आणि पुढच्या बुधवारी तो गाळा टळतो. पण ज्या ठिकाणी पैसे देणारा एक, माल घेणारा दुसरा आणि फायदा तिसऱ्याचाच, तिथे आत्याचा प्रश्न लावला की गंमत सुरू होते.

वर्तमानपत्र घ्या. पाचसात रुपयांना ते दारात पडतं. त्यात कागद आहे, शाई आहे, बातमीदाराचा पगार आहे, रात्रीतून धावलेली गाडी आहे, एजंटचं आणि टाकणाऱ्या पोराचं कमिशन आहे. वर महिनाअखेरीस रद्दीवाला त्यातले थोडे परत देतो. “पदरमोड करून कोणी रोज पहाटे आपल्या दारात माल आणून टाकतो का?” आत्याचा सवाल. “ज्याअर्थी टाकतो, त्याअर्थी विकायचा माल दुसराच आहे. तू.”

हा धंदा सुरू झाला त्याची तारीख सांगता येते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८३३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या छापखानेवाल्यानं ‘द सन’ काढलं. इतर पत्रं सहा सेंटला विकली जात तेव्हा त्यानं किंमत ठेवली एक सेंट. तोटा भरून निघणार होता जाहिरातींतून, आणि जाहिराती मिळणार होत्या खपाच्या आकड्यावर. मग खप वाढवणं आलं. १८३५ च्या ऑगस्टमध्ये ‘सन’नं मालिकाच छापली, की मोठ्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला असता तिथे जंगलं दिसली, प्राणी दिसले आणि वटवाघळाचे पंख असलेली माणसंही दिसली. लोक तुटून पडले. थाप उघडी पडली तरी पत्राचं काही बिघडलं नाही. ‘दर्पण’ १८४० साली बंद पडलं; ‘सन’ १९५० पर्यंत चाललं. जांभेकरांनी पंखवाल्या माणसांवर एखादा मजकूर छापला असता तर काय झालं असतं, हा विचार मी फार पुढे नेत नाही.

आत्याची वाचण्याची पद्धत या हिशोबातूनच ठरलेली आहे. ती आधी छोट्या जाहिराती वाचते. तिथे शब्दाला पैसे पडतात, त्यामुळे विशेषणं नसतात. ‘वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही.’ इतकं खरं आणि इतकं थोडक्यात त्या अंकात दुसरं काही लिहिलेलं नसतं असं तिचं मत आहे. अग्रलेखांनाही शब्दाप्रमाणे दर लावावा आणि तो संपादकांकडून घ्यावा, अशी तिची सूचना आहे. दिवाळीच्या सुमारास पहिलं पान उघडलं की पुन्हा पहिलंच पान निघतं, ते उघडलं की मोटारगाडी निघते, आणि मुख्यमंत्री सापडायला पाचव्या पानापर्यंत जावं लागतं. त्याबद्दल ती अजिबात तक्रार करत नाही. म्हणते, “पैसे त्यांनी भरलेत, आधी ते बसणार.”

टीव्हीच्या बातम्यांचा तर तिनं सरळ जमाखर्च मांडला. गडचिरोलीच्या एखाद्या गावात दवाखान्याला डॉक्टर आहे की नाही हे बघायचं, तर बातमीदार पाठवा, कॅमेरावाला पाठवा, गाडी, डिझेल, मुक्काम. चार दिवसांनी हाती येणार तीन मिनिटं. उलट चार प्रवक्त्यांना आपापल्या घरी बसवून चार चौकोनांत भांडायला लावलं तर पाऊण तास भरतो, आणि माणशी कपभर चहाचाही खर्च नाही. तो त्यांच्या बायका करतात. “भांडणं वाढली नाहीत रे,” आत्या म्हणते, “स्वस्त झाली.” पत्रकारितेच्या ऱ्हासावरचे परिसंवाद मी बरेच ऐकले आहेत. त्यांत नैतिकता फार असते, डिझेलचा उल्लेख कोणी करत नाही.

मोबाइलवरच्या फुकट बातम्यांबद्दल मी बोलत नाही. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ सालीच बजावलं होतं की माहितीची रेलचेल झाली की लक्षाचा दुष्काळ पडतो. ते वाक्य मी फोनवरच वाचलं, आणि पुढे काय लिहिलं होतं ते बघायच्या आत शेजाऱ्यांचं सुप्रभात आलं.

राजकारणाकडे वळताना अर्थशास्त्र जरा अवघडतं. अँथनी डाउन्स यांनी १९५७ साली लोकशाहीचा आर्थिक सिद्धांत मांडला, त्यात मतदाराची मोठी पंचाईत केली आहे. तुमच्या एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता जवळजवळ शून्य. मग सगळे जाहीरनामे वाचून, उमेदवार पारखून मत द्यायचे कष्ट कोणी घ्यावेत? गवार निवडताना प्रत्येक शेंग मोडून बघणारा माणूस आमदार निवडताना नुसतं चिन्ह बघतो. डाउन्स यांच्या मते तो आळशी नाही, हिशोबी आहे. गवार चुकली तर त्याच्याच पानात येते. आमदार चुकला तर तो तीन लाख पानांत वाटला जातो.

आता, चिन्हानं कष्ट वाचतात म्हणूनच नकली चिन्ह चालतं. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत भास्कर भगरे नावाचे शिक्षक उभे होते, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यादीत आणखी एक भगरे अपक्ष होते, त्यांचं चिन्ह नुसतीच तुतारी. या दुसऱ्या भगऱ्यांना लाखाच्या वर मतं पडली. पहिले तरीही निवडून आले म्हणून ठीक. एरवी नाममुद्रेच्या किमतीवर व्याख्यान द्यायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

मताच्या खरेदीविक्रीचा विषय निघाला की मध्यमवर्गीय माणूस फार दुखावतो. आत्या दुखावत नाही, ती व्यवहार तपासते. आणि तिच्या मते हा व्यवहार घेणाऱ्याच्या दृष्टीनं अगदीच कच्चा आहे. पाकीट दिलं, पण माल पोचल्याची पावती कुठे आहे? पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदान पडद्याआड. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, आणि त्यांतल्या लाखो पोलादी पेट्या गोदरेजच्या विक्रोळीतल्या कारखान्यात बनल्या होत्या. त्या आडोशामागे कोणती चिठ्ठी कोणत्या पेटीत पडली हे देवालाच माहीत. उधारी वसूल करायची सोय नसलेला हा एकमेव उधारीचा धंदा. दोन्हीकडची पाकिटं घेऊन तिसऱ्याला मत देणारे मतदार सगळ्यांनाच माहीत आहेत, आणि त्यांच्यावर दावा कोणी लावत नाही.

म्हणून शहाणे उमेदवार किरकोळ खरेदी सोडून घाऊक खरेदीकडे वळले. एकेका मतदाराला काय द्यायचं, त्यापेक्षा सोसायटीला पेव्हर ब्लॉक द्यावेत. पेव्हर ब्लॉक दिसतात. ज्यानं मत दिलं तोही त्यावरून चालतो, न दिलं तोही चालतो, आणि पाच वर्षांनी ते उखडले की पुन्हा देता येतात. आत्याच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्याआधी ते बसले. तिचा प्रश्न ऐकायला सेक्रेटरी जागेवर थांबले नाहीत.

पण नाशिक जिल्ह्यात राहून राजकारणाचं अर्थशास्त्र बोलायचं आणि कांदा टाळायचा, हे शक्य नाही. १९८० साली इंदिरा गांधींच्या प्रचारात कांदा होता. १९९८ साली दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत पडलं त्यात कांदा होता. हे दोन्ही महाग कांद्याचे पराक्रम. २०२४ साली उलटं झालं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कांदा निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यात बंदच केली, आणि ती उठवली मे महिन्यात, दिंडोरीच्या मतदानाला पंधरवडा उरला असताना. लासलगावच्या लिलावात भाव कोसळले होते ते शेतकरी विसरला नाही. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या आणि ते तुतारीवाले शिक्षक निवडून आले.

आत्याचं सासर निफाड तालुक्यातलं. दिरांची शेती आहे, तिचाही त्यात थोडा वाटा आहे. त्यामुळे कांद्याबाबत तिची दोन मतं आहेत, आणि दोन्ही ठाम. सकाळी पिशवी घेऊन निघताना कांदा चाळीसच्या वर गेला की सरकार झोपलंय. संध्याकाळी दिरांचा फोन आला की चाळीत सडत चाललेल्या उन्हाळ कांद्याला पंधराच रुपये मिळतात, म्हणजे सरकार मुद्दाम जागं राहून भाव पाडतंय. मी एकदा म्हटलं, “आत्या, दोन्ही कसं खरं असेल?” ती म्हणाली, “दोन्ही खरंच आहे. मधले पंचवीस रुपये कुठे जातात ते तू सांग, प्रोफेसर आहेस.” मी वाहतूक, घट, हमाली, आडत, हातबदल असं सांगत गेलो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “एवढं सगळं पुस्तकात असून पंचवीस ते पंचवीसच.”

१९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर मुंबईतल्या बायकांना हातात लाटणी देऊन रस्त्यावर घेऊन आल्या होत्या. ते आंदोलन आत्याला अजून आवडतं. शेतकऱ्यांचा मोर्चाही आवडतो. दोन मोर्चे एकाच दिवशी समोरासमोर आले तर ती कोणत्या बाजूला असेल, हे मी विचारलेलं नाही.

शाळेची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची. पैसे आईबापांचे, माल मुलाला, आणि मालाची परीक्षा करणार पंधरा वर्षांनी कोणी कंपनीवाला. शिवाय हा एकच माल असा की तो आला नाही तर घेणारा नाचतो. दूधवाला एक दिवस आला नाही तर घरात केवढा गहजब होतो. पण जुलैत धो धो पाऊस पडून शाळेला सुट्टी जाहीर झाली की पोरं उड्या मारतात, मास्तरही मनातल्या मनात मारतात. त्या दिवसाची फी परत द्या असं कोणी म्हणत नाही. म्हणायचे ते फक्त करोनाच्या काळात म्हणाले. शाळा म्हणत होत्या, शिक्षण तर पडद्यावरून चालूच आहे, फी पूर्ण द्या. पालक म्हणत होते, कमी करा. सरकारनं पंधरा टक्के कपात करायचा आदेश काढला. त्या वादात एक गोष्ट उघड झाली, ती कोणी मोठ्यानं बोललं नाही: आपण इतकी वर्षं फीचा बराच भाग मूल रोज सात तास घराबाहेर राहावं म्हणून देत होतो. आत्या म्हणते, त्या हिशोबानं फी कमीच होती.

पैसे भरले की माणसाच्या मनाचं काय होतं याचा एक प्रयोग इस्रायलमधल्या हैफा शहरात झाला. तिथल्या पाळणाघरांत काही आईबाप मुलांना न्यायला उशिरा यायचे. संशोधकांनी काही पाळणाघरांत उशिराबद्दल दंड सुरू केला. उशिरा येणारे कमी होतील असं वाटलं होतं, ते वाढले. आधी दारात ताटकळलेल्या बाईंचा चेहरा बघून लाज वाटायची. आता दहा शेकेल टाकले की लाज फिटायची. पुढे दंड काढून टाकला, तरी लाज परत आली नाही.

हे वाचल्यावर मला आमच्या भाच्याच्या मुलाचा क्लास आठवला. दहावी झाली आणि त्याला एका नावाजलेल्या क्लासला घातला. कॉलेजात नुसतं नाव, हजेरीचं क्लासवाले बघून घेतात. फीचा आकडा ऐकून आत्यानं पाण्याचा तांब्या मागितला. पण त्या दिवसापासून भाच्यानं मुलाच्या वहीत डोकावणं बंद केलं. पूर्वी तो रात्री त्याच्याशेजारी बसून गणितं सोडवायचा. चुकीची सोडवायचा, पण बसायचा. आता म्हणतो, “एवढे भरलेत, ते बघतील.”

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा दंड त्यांनीही ठेवला होता: मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया. इथे पैसे टाकून सुटका करून घेणं कोणाला परवडण्यासारखं नव्हतं. त्या काळचा रुपया होता तो.

आणि त्याच्याही आधी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. ते मी वर्गात शिकवत असे, पण शैक्षणिक इतिहास म्हणून. पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात सबंध आत्याचा प्रश्न आहे. त्या काळी सरकारचा विचार असा, की वरच्या वर्गाला शिकवावं, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. फुल्यांनी जमाखर्च काढला. तिजोरीत येणारा महसूल बव्हंशी रयतेच्या घामाचा. शाळा-कॉलेजांवर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या जातींना. पैसे देणारा एक आणि माल उचलणारा दुसराच. मग आधी प्राथमिक शाळा काढा.

गेल्या दिवाळीत हे सगळं मी आत्याकडे रंगात येऊन सांगत होतो. फुल्यांवरून मी ‘लाडकी बहीण’वर आलो. जुलै २०२४ पासून बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार, तेही निवडणुकीच्या तोंडावर. घाऊक खरेदीचा केवढा मोठा नमुना. तिजोरीवर भार किती, कर्ज किती. सरकारचा पैसा म्हणजे आकाशातून पडत नाही, तो कोणाचा तरी असतो, असं मी म्हणालो. आत्या पासष्टीच्या पुढची, तिला ती योजना लागू नाही, म्हणून तीही मान डोलवत होती.

आत्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई ओट्यापाशी होत्या. त्यांनी नळ बंद केला.

“सर, तुमच्या कॉलेजातल्या पोरांच्या फीतून निघायचा का तुमचा पगार?”

मी म्हटलं, नाही, अनुदानित कॉलेज होतं, पगार सरकार द्यायचं.

“आणि आता पेन्शन?”

तेही सरकारच.

“आणि तुम्ही म्हणाला होता ना काकूंना, महागाई भत्ता वाढला म्हणून? तो निवडणुकीच्या आधी का नंतर?”

मला नीट आठवेना. बाई म्हणाल्या, “मी कपड्याचा साबण घेते त्याच्यावर पण टॅक्स असतो. दुकानदार सांगतो मला. कामाला लागल्यापासून भरतेच आहे.” आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.

आत्याला इतकी हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. “ही तुझ्या वर्गात असती,” ती म्हणाली, “तर तुला पहिल्या सत्रातच राजीनामा द्यावा लागला असता.”

हात पुसून बाई बाहेर आल्या त्या फोन घेऊन. योजनेसाठी आता केवायसी करायला सांगितलंय, स्वतःचं आधार झालं, पण नवऱ्याच्या आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येत नाही, सर तेवढं बघतात का? मी बघायला घेतलं. साइट उघडेना. उघडली तर चक्र फिरत राही. ओटीपी आला तेव्हा पान मिटलेलं, पान उघडलं तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. चहाची वेळ टळून गेली.

“पहाटे गर्दी नसते म्हणतात साइटवर,” बाई म्हणाल्या. “उद्या पाचला येते मी. सर उठतात ना?”

“उठेल की,” आत्या आतून म्हणाली. “पेन्शन चालू आहे त्याची.”